बिजलीचे नऊ दिवस

अठरा वर्षं मी फौजेत खेचरं सांभाळली. पोस्टिंग बहुतेक काश्मीरला. हवालदार म्हणून निवृत्त झालो, इंदूरला घर बांधलं, मागच्या प्लॉटवर तबेला काढला आणि बिजली नावाची घोडी आणली.

कॉलनीत बोंबाबोंब झाली. एवढ्या स्वच्छ शहरात लीद कशाला? सगळ्यात मोठा आवाज शेजारच्या देशपांडेजींचा. शेवटी कमिटीने एक महिन्याची ट्रायल दिली. ०५३० ला खरारा, ०६०० ला सवारी. लीद मी स्वतः उचलून बंद पोत्यात भरायचो. कुणाला बोट ठेवायला जागा दिली नाही.

विसाव्या दिवशी सकाळी तबेल्याच्या भिंतीवर कागदात गुंडाळलेला गूळ दिसला. कोणी ठेवला, कळेना. माझं डोकं फिरलं. विष असणार, आणि काम देशपांड्यांचंच! संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. त्यांच्या नमस्कारातही मला काळंबेरं दिसू लागलं. तबेल्याला कुलूप घातलं, सवारी बंद केली आणि दारात खुर्ची टाकून बसलो.

बायको म्हणाली, "अहो, ही कॉलनी आहे, बॉर्डर नाही."

ऐकलं नाही. बिजलीला दाणा मात्र रोज भरपूर दिला.

नवव्या दिवशी ११०० ला ती पायाने जमीन उकरू लागली. अंगाला घाम. सारखी मान वळवून पोटाकडे बघत होती. मी थेट देशपांड्यांच्या दारात.

"काय खिलवलंत?"

"मी? काहीच नाही भिया!"

"आणि तो गूळ?"

"तो तर मिसेसने ठेवला होता. घोडीला पसंद असेल, बोलली."

डॉक्टर १२१० ला आले. पोटाला स्टेथस्कोप लावला.

"आतडं बंद पडलंय. किती दिवस फिरवली नाही?"

"नऊ."

"दाणा कमी केला होता?"

"नाही."

त्यांनी बॅगेतून इंजेक्शन काढलं. काम बंद तर दाणा कमी, हे मी रिक्रूटांना पहिल्याच दिवशी शिकवायचो.

इंजेक्शन देऊन तिला गल्लीत चालवत ठेवलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने देशपांडेजी. "तुम्ही पाणी प्या, मी धरतो," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना. १६४० ला बिजली खाली बसली. उठली नाही.

कमिटीचा परवानगीचा कागद दोन दिवसांनी आला. तो थांबवायचं कुणाला सुचलं नसावं.

युनिटच्या स्थापना दिवशी मी गेलेल्यांची नावं घेतो. नायक गणपत. त्याच्याच दोराला बांधलेलं त्याचं खेचर, मोती. दोघांना बर्फाने नेलं. त्यांच्यानंतर आता बिजलीचं नाव घेतो. तिला मी मारलं.