इन्व्हर्टरचा उपास

मी उद्यमनगरात सोलरचे जळके इन्व्हर्टर दुरुस्त करते. पॅनेलमधली वीज एकाच दिशेनं वाहते, घरातल्या मिक्सरला मात्र ती सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी लागते. हा बदल इन्व्हर्टर करतो. एवढं नीट समजावलं तरी लोक विचारतात, "म्हणजे बॅटरीच ना?" मग माझं डोकं फिरतं.

आमचं घर जैनांचं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. दिवस मावळला की मामा पाण्याचा घोटही घेत नाहीत, कळायला लागल्यापासूनचा नेम. पण पश्चिमेच्या शेजाऱ्यांनी चार मजले चढवले आणि आमचा सूर्य पाच वाजताच गडप व्हायला लागला. मोबाइलला मामा हात लावत नाहीत. पंचांगात वेळ बघावी, तर भिंतीवरचं घड्याळ सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, जेवणं लवकर उरकावीत म्हणून पुढं करून ठेवलेलं. किती पुढं, ते त्यांनाच ठाऊक. रोज ताटावर भांडण.

अशात मी गच्चीवर पॅनेल बसवली, जिन्याच्या भिंतीवर इन्व्हर्टर टांगला आणि अक्कल पाजळायची खोड म्हणून बोलून गेले, "मामा, सूर्य मावळला की हा झोपतो."

"म्हंजे थेट सूर्यालाच इचारतोय की!"

दुसऱ्या दिवसापासून मामा ताट घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. इन्व्हर्टरची स्क्रीन उजळलेली असेपर्यंत जेवायचं, विझली की हात धुवायचा. आल्या-गेल्याला सांगायचे, "घड्याळ लबाड हाय, ह्ये न्हाय." माझीही छाती फुगायची.

एका संध्याकाळी मी लवकर घरी आले. मोबाइल सांगत होता, सूर्य मावळून गेला. स्क्रीनवर नऊ वॅट. आणि मामा आमटी वाढून घेत होते, दुसऱ्यांदा.

सूर्य बुडाला तरी आभाळात उजेड उरतो, आणि चांगला इन्व्हर्टर तेवढ्यावरही तग धरतो. घरासाठी मी चांगलाच निवडला होता ना! माझ्या एका वाक्यापायी मामांचा जन्माचा नेम रोज मोडत होता आणि त्यांना पत्ताही नव्हता.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्याऐवजी मी रोज नेमक्या मिनिटाला गच्चीवर जायचे आणि पॅनेलच्या पेटीतली काळी मूठ फिरवून वीज तोडायचे, अंधार पडला की परत जोडायचे. खाली स्क्रीन विझायची, मामा हात धुवायचे. आमच्या घराचा सूर्य मी मावळवत होते.

मग एकदा दुरुस्तीला गडहिंग्लजला जावं लागलं. आत्तींना फोन केला, सगळं कबूल केलं, मूठ कशी फिरवायची ते सांगितलं, मिनिटही सांगितलं.

"एवढंच व्हय? तू निवांत ये."

पण आत्तींना देवळात आरतीला जायचं होतं. त्यांनी सूर्य अर्धा तास आधीच बुडवला.

मी घरात पाऊल टाकलं तर मामा पायरीवर, हातात अर्धी भाकरी, स्क्रीन काळी, आणि समोरच्यांच्या पाण्याच्या टाकीवर लख्ख ऊन.

"मावळलाय म्हणं," मामा म्हणाले. "मग त्ये काय, चांदणं पडलंय व्हय?"

तेवढ्यात आत्ती गच्चीवरून उतरल्या. वाळलेले कपडे काढायला गेले होते म्हणाल्या. हातात एक कपडा नव्हता.

मी सगळं सांगून टाकलं, नऊ वॅटसकट. मामा ओरडले असते तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"किती म्हैने मोडला नेम?"

"सहा-सात."

"उद्या उपास, पाण्याबिगर. माझा." माझ्याकडं बघितलं. "तुझा." आत्तींकडं. "हिचाबी." मग भिंतीकडं. "आन् ह्येचा."

"मामा, तो खात नाही! तो देतो!"

"माझा नेम मोडला तवा जागा हुता न्हवं?"

आत्तींनी फिरवलेली मूठ मामांनी तशीच बंद ठेवली. दुसरा दिवस असा निरभ्र उजाडला की माझ्या जिवाची तगमग झाली. एवढं ऊन फुकट! दुपारी, पोटात कावळे ओरडत असताना, गुपचूप मूठ फिरवावी म्हणून वर गेले. पेटीला टेकून, छत्री उघडून मामा बसले होते.

"भूक लागली व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही," म्हणून मी खाली आले.

तिसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर मामांनी मूठ पूर्ववत केली. "आधी ह्येचं पारणं." इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनीला जोडून घेण्याआधी सगळं तपासतो, मिनिटभर लावतो. ते मिनिट आम्ही तिघं पाण्याच्या तांब्याकडं बघत उभे होतो. शेवटी वॅट दिसले.

मामांनी फुलपात्र भरून आधी माझ्यापुढं धरलं.

"पी. आन् आजपास्नं दिवस मावळला, त्ये तू सांगायचं."

"मी? माझ्यामुळंच तर तुमचा नेम..."

"म्हणून तर की. तू आता न्हाय चुकायचीस."

मी पाणी प्यायले.