मसाजीच्या माथी मारलेली चूक

मसाजी गेल्याचे मला हट्टा गावच्या बाजारात कळले. सांगणारा हळद चाळवीत म्हणाला, "मानूस बरा व्हता, पन निष्काळजी. त्यानंच न्हाई का तुमच्या लेकराच्या हाती भरलेली बंदूक येऊ दिली?" माझा आवाज सहसा चढत नाही, त्या दिवशी चढला. महिना लोटला तरी तो संताप उतरलेला नाही, कारण 'निष्काळजी' हा शब्द गावाला मीच दिला होता.

मसाजी आमच्या शेताचा राखणदार. मेंढरे मुलाच्या हवाली करून तो रानडुकरांपासून पिके राखी. ठासणीची बंदूक माझी, निजामी परवाना माझ्या नावाचा; पण ती वागवावी त्यानेच. माझ्या गोदेने नवव्या वर्षी बंदूक शिकण्याचा ध्यास घेतला, तेव्हा पहिले पंधरा दिवस त्याने दारूचा कणही बाहेर काढला नाही. बंदूक तिला पेलेना म्हणून नळी गाडीच्या जुवावर टेकवली, दस्ता रुतू नये म्हणून खांद्याशी घोंगडीची घडी दिली, कानांत कापूस घातला. आणि दर खेपेस लोखंडी गज नळीत सोडायला लावला. रिकाम्या नळीत तो टणकन वाजे, भरलेल्या नळीत बसका आवाज येई. "बाई, मानसावर इसवास ठिवू नको. मी सांगितलं तरी न्हाई. गज काय म्हनतो ते आईक." पुढे चिमूटभर दारूचा पहिला बार झाला आणि गोदा दचकून रडू लागली. मी हसलो. "काहून हसता, मालक? तुमच्या पैल्या बाराला तुमचं धोतर कुनी सावरलं व्हतं?" गोदा रडता रडता हसली... आणि आपण होऊन पुन्हा बंदुकीजवळ गेली.

महिन्याभराने कळमनुरीहून पाहुणे आले. मला पोरीचे कौतुक मिरवायचे होते. राखणीसाठी बंदूक भरून ठेवल्याचे मसाजीने मला सकाळीच सांगितले होते. बोलण्याच्या भरात मी ते विसरलो आणि त्यावर आणखी एक बार ठासला. गोदा म्हणाली, "बाबा, गज टाका ना." चारचौघांत पोरगी बापाला शिकवते म्हणून मी डोळे वटारले... तिने चाप ओढला, दुहेरी बार उडाला आणि दस्त्याच्या तडाख्याने तिच्या खांद्याचे हाड मोडले. आणि मी पाहुण्यांना म्हणालो, "मसाजीने भरून ठेवली, सांगितलेही नाही."

तो अंगणातच होता. त्याने माझ्याकडे पाहिले, गोदेकडे पाहिले आणि निघून गेला. त्याची राखण सुटली. दुसऱ्या कुणी दिली नाही. पुष्कळ वर्षांनी मी एकांतात विचारले, तू बोलला का नाहीस? "लेकरू कण्हून राहिलं व्हतं, मालक. त्याच्या म्होरं त्याच्या बापाला खोटं पाडू?" हे ऐकूनही मी गावात तोंड उघडले नाही. एकूण बारा वर्षे! लोक माझ्या मवाळ स्वभावाची स्तुती करतात. मला तिची किळस येते. तो निव्वळ भेकडपणा होता.

हे लिहून मसाजीच्या मुलाला वाचून दाखवले. तो मेंढी कातरीत होता. कातर थांबली नाही. "आमाला ठावं हाय," तो म्हणाला. "गावाला सांगा."

म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे धाडण्यापूर्वी मी हे चावडीवर उभा राहून वाचले. सारे खालच्या पायरीकडे पाहत राहिले. राखण सुटल्यापासून मसाजी तिथेच, वहाणा हाताशी घेऊन, कुणी केव्हाही उठवील असा, अंग चोरून बसे. त्याला कधी कुणी वर ये म्हटले नाही... मीही नाही.