धुण्याच्या पावडरीचं वर्ष

करमाडच्या पुढं एका गावात मी विज्ञानाचा मास्तर होतो. नोकरी होती, पगार नव्हता. शाळा विनाअनुदानित. सरकारचं अनुदान सुरू झालं की सगळ्यांचं भलं होईल, असं संस्थाचालक दर दिवाळीला सांगायचे आणि आम्ही सहा मास्तर दर दिवाळीला माना डोलवायचो. असं करता करता चौथं वर्ष लागलं.

शहरात, उस्मानपुऱ्यात एका चाचींच्या घरात वरची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. गावाकडून ज्वारी यायची, म्हणून भाकरी तरी होती. बाकीचं कसं भागतं ते बायकोलाच ठाऊक. एक दिवस तिच्या कानातली फुलं दिसेनाशी झाली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

धुण्याची पावडर घरी करायची, ही कल्पना माझीच. शहागंजातल्या एका दुकानात सगळं सामान मिळायचं. धुण्याचा सोडा, मीठ, थोडा निळा रंग, वास, आणि मुख्य म्हणजे ॲसिड स्लरी. काकवीसारखी दाट, तपकिरी, उग्र वासाची. सोड्यात ती थोडी थोडी ओतत कालवायची, गच्चीवर वाळवायची, चाळायची, पिशव्यांत भरायची. पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवलं की चिकटतं. पहिल्या घाण्याला मी स्वतः कालवून दाखवलं. बायको म्हणाली, "लई गरम लागतंय की हो हे."

"आम्ल आणि अल्कली एकत्र आले की उष्णता निघते," मी म्हणालो. वर्गात सांगतो तसंच.

रबरी हातमोजे आणले होते. ते आठवड्यात फाटले. दुसरे आणू म्हणालो आणि राहून गेलं. सकाळी सातला मी करमाडची एसटी धरायचो, त्यामुळं कालवणं, वाळवणं, चाळणं हे सगळं तिच्याच अंगावर पडलं. मी संध्याकाळी आणि रविवारी सायकलला दोन पिशव्या अडकवून दारोदार फिरायचो. बायका पुडी उलटीसुलटी करून बघायच्या. "नाव काय हिचं?" नाव नव्हतं. "मग नको." कुणी एखादी घ्यायचं आणि पुढच्या खेपेला म्हणायचं, "फेस येतो, पण मळ जात नाय."

एका रविवारी उस्मानपुऱ्याच्या पलीकडं एका बंगल्याची कडी वाजवली. दार उघडलं ते माझ्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलीनं. आठवडाभर शाळेत नव्हती, ती इथं मावशीकडं आली होती. मला बघून तिचे डोळे चमकले. "सर! मावशे, आमचे सर आलेत!" पिशव्या सायकलवरच होत्या, तेवढं बरं झालं. मावशींनी खुर्ची दिली, पाणी दिलं, पोहे टाकायला घेतले. "एवढ्या लांब पोरीची चौकशी करायला आलात, असे मास्तर आता कुठं राहिलेत?" मी पोरीला दोन प्रश्न विचारले, तिनं पटापट उत्तरं दिली. पोहे खाल्ले. माझ्या लेकीला घरी कोरड्या भाकरीशिवाय काही नव्हतं आणि मी इथं पोहे खात होतो, हे घासाघासाला आठवत होतं. निघताना मावशी फाटकापर्यंत आल्या. सायकलच्या पिशव्यांकडं बघून म्हणाल्या, "सामान घेऊन निघालात वाटतं?" मी "व्हय" म्हणालो आणि वळणापर्यंत सायकल हातानं ढकलत नेली. बसायचं सुचलंच नाही.

घरी आलो तर बायको पाटावर बसली होती, परात पुढं, पीठ तसंच कोरडं.

"किती पुड्या गेल्या?" तिनं विचारलं.

"एकपण नाय. भाकरी नाय टाकली?"

तिनं हात पदराखाली घेतले. मी पदर बाजूला केला. दोन्ही तळवे लालभडक, बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, नखांच्या कडेची कातडी सोललेली. पिठात मीठ टाकलं आणि हात घालवेना, म्हणून ती तशीच बसून राहिली होती.

"कधीपासून?"

"पंधरा-एक दिवस झाले असतील. तुम्हाला सांगून काय होणार होतं?"

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती खरंच विचारत होती. त्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं, आम्लाचा त्वचेशी संपर्क टाळावा. पोरांकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं.

खालून चाची वर आल्या. आमचा आवाज ऐकला असेल. त्यांनी बायकोचे हात बघितले आणि माझ्याकडं वळल्या. "क्या मास्टर, बच्ची के हाथां जला दिए तुम?" बायको मध्येच म्हणाली, "त्यांचं काय नाय चाची, मीच करते." चाचींनी ऐकलं नाही. खाली जाऊन खोबरेल आणलं, स्वतः तिच्या हातांना लावलं आणि मुलीला जेवायला खाली घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "ये धंदा नक्को करो अब."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी संस्थाचालकांकडं गेलो. निम्मा तरी पगार द्या म्हणालो. आयुष्यात कुणापुढं हात जोडले नव्हते, त्यांच्यापुढं जोडले. ते पेपर वाचत होते. घडी न घालता म्हणाले, "सर, जमत नसेल तर मोकळे व्हा. तुमच्या जागेवर यायला कितीतरी पोरं तयार हायेत." मी बाहेर पायरीवर बसलो. शेवटची एसटी येईपर्यंत तिथंच होतो.

चाचींचा एक भाचा चिकलठाण्याला औषधांच्या कारखान्यात होता. त्यानं शब्द टाकला आणि मला पॅकिंग खात्यात घेतलं. बी.एस्सी., बी.एड. आहे हे मी तिथं सांगितलं नाही. राजीनाम्याची चिठ्ठी लिहिली, टपालात टाकली, शाळेत परत गेलोच नाही. उरलेली स्लरी दुकानदार परत घेईना, म्हणून कॅन कितीतरी महिने जिन्याखाली पडून होता. बायकोच्या हातांच्या जखमा भरून यायला पुढचा उन्हाळा लागला. बोटांची टोकं मात्र बधिरच राहिली. सुईत दोरा ओवायला ती मुलीला बोलवायची.

दहावीला प्रकाशाचा धडा निम्मा शिकवून झाला होता. बाकीचा त्यांना कुणी शिकवला की नाही, ते मला कळलं नाही. विचारायला तोंडही नव्हतं.