एकोणीस फॉर्मांचा गठ्ठा

माझा थोरला भाऊ जन्मभर गोदामात पोती मोजत होता. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून माणसं मोजायला लागला. मतदार नोंदणीच्या स्वयंसेवकांचा तो प्रमुख झाला आणि आमच्या पुढच्या खोलीत, जिथे मी सुखाने भाजी निवडत बसायचे, तिथे एक कपाट, एक शिक्का आणि बारा नियमांचा कागद येऊन बसला. गल्ली त्याला कलमसाहेब म्हणते. मी दादाच म्हणते, पण हल्ली दातओठ खाऊन.

आणि नियम तरी काय एकेक! स्वयंसेवकांना जबाबदारीची जाणीव नसते, ती करून द्यावी लागते, असं त्याचं म्हणणं. स्वतः एक दिवस कुणाचा जिना चढला नाही. खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, बस्स. फॉर्म निळ्याच शाईत. वहीत येण्याची वेळ, जाण्याची वेळ. आणि कलम चार: वीस फॉर्मांचा गठ्ठा झाल्याशिवाय कचेरीत काहीही पाठवायचं नाही. का? तर गोदामात वीस पोत्यांची थप्पी असायची. आता बोला! ज्याने फॉर्म दिला त्याचं नाव यादीत चढलं की नाही, हे कोणी बघायचं, याला मात्र बारांत एकही कलम नव्हतं.

त्याच्या हाताखाली नर्सबाई होत्या. दवाखान्यातली पाळी संपवून सुजलेल्या पायांनी चार-चार मजले चढायच्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकूंचा फॉर्म त्यांनीच भरून आणला. काकूंनी घर बदललं तेव्हा जुन्या यादीतून नाव उडालं आणि नव्या यादीत चढलंच नाही. मतदान केंद्राच्या दारातून दोनदा परत आलेली बाई ती. या खेपेला तर त्यांच्या टपरीवरच आलं होतं. एक उमेदवार म्हणत होता, फुटपाथवरच्या टपऱ्या उठवतो. दुसरा म्हणत होता, राहू देतो.

"ताई, माझ्या पोटावर पाय द्यायचा की नाही ते ठरतंय," काकू मला म्हणाल्या. "त्यात माझं एक मत नको?"

मतदानाच्या दिवशी दादा सकाळी सातला तयार. अंगात काकूंनीच इस्त्री केलेला पांढरा शर्ट. तो ऐटीत मत देऊन आला. दुपारी काकू दारात उभ्या राहिल्या, बोट कोरडं.

"साहेब, यादीत मी नाहीच. मी फॉर्म दिला होता ना?"

दादाने वही उघडली. "कचेरीत गेल्याची नोंद नाही. हा स्वयंसेवकाचा निष्काळजीपणा. कलम नऊ. नर्सबाईंना आजच काढतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं डोकंच फिरलं. मी कपाट उघडलं. खालच्या खणात दोरीने बांधलेला गठ्ठा होता आणि वर दादाच्या अक्षरात चिठ्ठी: 'एक कमी.' मी मोजले, एकोणीस. सगळ्यात वरचा काकूंचा, निळ्या शाईत.

"नर्सबाईंनी एकोणीसच आणले," दादा म्हणाला. "विसावा आलाच नाही. तोवर मुदत संपली, त्याला मी काय करू?"

"विसावा?" मी म्हटलं. "विसावा स्वयंपाकघरात होता, दादा. तुला रोज दोन वेळा वाढत होता."

मी त्याच्याकडे राहायला आले त्याला दोन वर्षं झाली. माझा फॉर्म भरू या, असं नर्सबाई तीनदा म्हणाल्या. तिन्ही वेळा हाच म्हणाला, "अगं, तू घरातलीच. तुझं काय, केव्हाही होईल." आणि मीही गप्प बसले, ते खोटं कशाला सांगू? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. माझ्या एका कागदावाचून एकोणीस माणसं खणात पडून राहिली. काकूंकडे मला बघवेना. आणि दादा? त्याने पेन उघडलं आणि तेरावं कलम लिहायला घेतलं. नर्सबाईंना काढलंच.

काकूंनी गठ्ठ्याकडे बघितलं, चिठ्ठी वाचली आणि गेल्या.

दोन दिवसांनी दादा शर्ट घेऊन टपरीवर गेला. भाजीची पिशवी घेऊन मी मागेच होते.

"साहेब, आता आम्हीपण नियम केलाय," काकू मान वर न करता म्हणाल्या. "वीस शर्ट झाले की आणायचे. त्याआधी इस्त्री नाही."

"अहो, पण हा एकच आहे, आणि मला उद्या सभेला..."

"मग ठेवा की खणात. एकोणीस झाले तरी आणू नका, एक कमीच असतो. टपरी आहे तोवर हाच नियम."

त्यांनी नर्सबाईंचा पांढरा गणवेश पुढे ओढला आणि त्यावर पाणी शिंपडलं. दादा शर्ट हातात धरून तसाच उभा. त्याच्याकडे शर्ट एकूण सात आहेत.