बिळावरची डहाळी

माझी सासू कुणाशी दोन शब्द गोड बोलली असं कुणी ऐकलं असेल, तर त्याने मला येऊन सांगावं. बारा वर्षं मी तिची सून आहे, मी तरी ऐकलं नव्हतं. हिराबाई तिचं नाव. डहाणूच्या खाडीत ती चिंबोऱ्या, म्हणजे चिखलातले मोठे खेकडे, धरते. होडी मी वल्हवते, कारण तिच्या मते मला दुसरं काही धड येत नाही.

तिचं सगळं प्रेम आमच्या कुत्रीवर, काळीवर. ओहोटीला चिखल उघडा पडला की काळी काठच्या तिवरांच्या झाडीतून बिळं हुंगत पुढे जाते. आत चिंबोरी असली तर शेपूट हलवते, नसली तर ढुंकूनही बघत नाही. सासू मागोमाग तिवराची डहाळी मोडून त्या बिळाच्या तोंडाशी खोचते. सगळी बिळं अशी राखून झाली की लोखंडी आकडी घेऊन परत फिरायचं आणि एकेक चिंबोरी ओढून काढायची. डहाळी खोचलेल्या बिळाला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा आमच्या पाड्याचा रिवाज.

चैत्याकाका तो पाळत नव्हता. हा सासूचा सख्खा दीर. त्याचा कुत्रा भुऱ्या म्हणजे काळीचाच पोरगा. चार वर्षांपूर्वी सासू वेवजीला माहेरी गेली असताना काकाने ते पिल्लू न विचारता उचलून नेलं आणि दोन घरांतलं बोलणं तुटलं. त्या घरातून या घरात ओळख ठेवली ती फक्त भुऱ्याने. होड्या जवळ आल्या की काळीला बघून तो पाण्यात उडी टाकायचा.

पण काळीचं नाक काही त्याला आलं नाही. म्हणून काका आमच्या मागून यायचा, डहाळ्या उपटायचा आणि आयत्या बिळांत आकडी घालायचा. सासू भांडायला गेली तर म्हणाला, "वहिनी, खाडी काय तुझ्या बापाची हाय?" अच्छाडचा ढाबेवाला आमची चिंबोरी घ्यायचा. त्यानेही सांगून टाकलं, की टोपली भरत नसेल तर आता येऊ नका. आमचं घर त्या टोपलीवर चालतं.

वैशाखातली अवस झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडतानाच आम्ही निघालो. अवसेला चिंबोरी भरलेली असते. अकरा बिळांवर डहाळ्या खोचून झाल्या. मग मिठागराच्या जुन्या बांधावर काळी एका बिळापाशी गेली आणि थबकली. अंगावरचे केस ताठ उभे. गुरगुरत ती मागे सरली. सासूने वाकून पाहिलं. बिळाच्या तोंडाशी नागाची ताजी कात पडली होती. तिने आकडीने ती ओढली, पायाने चिखलात दाबली आणि सगळ्यात मोठी डहाळी मोडून त्या बिळावर खोचली.

"आई, आत चिंबोरी नाय," मी म्हटलं.

"चोराला काय माहीत?"

मी तिला थांबवलं नाही. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

होडी तिवरांच्या आड घालून आम्ही बसलो. थोड्या वेळाने काका आला. तो एकेक डहाळी उपटत बांधाकडे सरकू लागला. भुऱ्या दिसताच काळी भुंकायला गेली. सासूने तिचं तोंड दोन्ही हातांनी आवळून धरलं.

काकाने बांधावरची डहाळी उपटली. तो वाकणार, एवढ्यात भुऱ्याला आपल्या आईचा वास लागला. काळी नुकतीच तिथे उभी होती ना! शेपूट हलवत तो काकाच्या हाताखालून पुढे घुसला आणि नाक थेट बिळात घातलं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडले नाही. सासूही ओरडली नाही. काळी तिच्या हातात धडपडत होती.

भुऱ्या केकाटत मागे पडला; नाग डसला होता. काकाने त्याला उचलून होडीत घातलं. वल्हं मारता मारता तो माणूस मोठमोठ्याने रडत होता. किनारा लागायच्या आतच कुत्रा गेला.

संध्याकाळी काका आमच्या अंगणात आला. चार वर्षांत पहिल्यांदा. हातात चिंबोऱ्यांची टोपली होती.

"या तुझ्याच बिळातल्या, वहिनी," तो म्हणाला. "भुऱ्या पुढं झाला नसता तर तो दात मलाच लागला असता. तुझी चोरी केली, त्याची देवानं मला शिक्षा केली. माफ कर."

मी सासूकडे पाहिलं. आता तरी खरं बोलेल, असं मला वाटलं.

"बस, चैत्या," ती म्हणाली. "दमला असशील. चाय घे, बाबा."

गोड शब्द ऐकले ते हे. मला तिची किळस आली. मग चहा ठेवायला मीच उठले, आणि माझीही आली.

आता आमच्या डहाळीला कुणी हात लावत नाही. टोपली भरते, ढाबेवाला वाट बघतो. काळी अजून पुढे चालते, बिळं दाखवते, काम चोख करते. फक्त सासूने गोंजारायला हात पुढे केला की दात दाखवते.