टेबलापलीकडे बसलेला बाप

माझ्या मुलीच्या मुलाखतीच्या दिवशी आमच्या घरातलं इंटरनेट बंद पडलं नव्हतं. बंद पडलं, असं मी सांगितलं. आधी विद्यापीठाला, मग आमच्या स्टाफरूममध्ये, मग सासरवाडीत, आणि शेवटी समोरच्या काकूंना, ज्यांनी काही विचारलंही नव्हतं. ती मुलाखत माझ्यामुळे गेली. त्यानंतर वर्षभर मी दोष नेटवर आणि तिच्या घाबरण्यावर ढकलत राहिलो आणि ती ऐकून घेत राहिली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. आमच्या कॉलनीत दहावी झाली की मुलं डॉक्टरकीच्या नाहीतर इंजिनिअरिंगच्या क्लासला जातात. माझ्या मुलीलाही मी घातलं होतं. तिनं तो क्लास मध्येच सोडला. तिला दक्षिणेतल्या एका विद्यापीठात जायचं होतं. समाज आणि पर्यावरण असा काहीतरी एकत्र पाच वर्षांचा अभ्यासक्रम, देशभरातून अर्ज आणि जागा मूठभर. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत.

"विद्यापीठ आपल्या गावात नाही का?" मी हसून म्हणालो होतो.

"पप्पा, तिथं शिकवतात ते इथं नाय शिकवत."

मी वाद घातला नाही, मदतही केली नाही. तिनं एकटीनं अभ्यास केला. कुठून पुस्तकं मिळवली, कुणाला विचारलं, मला माहीत नाही. लेखी परीक्षेला मात्र मी तिला सोडायला गेलो. चिकलठाण्याच्या पुढं एक कॉम्प्युटर सेंटर होतं. आम्ही सगळे पालक उभ्या गाड्यांच्या सावलीत पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलो होतो. ती बाहेर आली ती हसतच.

"कसा गेला?"

"मजा आली."

मला त्या शब्दाचा राग आला. "परीक्षेत मजा येत नसते."

"तुम्हाला नाय येत," ती म्हणाली आणि कचोरी खायला निघाली.

मुलाखतीच्या यादीत तिचं नाव आलं आणि मी एकदम जागा झालो. सगळ्यात आधी पेढे मीच वाटले. खरं तर मला लाज वाटायला हवी होती, पण वाटलं ते वेगळंच. हे सगळं तिनं माझ्याशिवाय केलं, यात माझा काहीच वाटा नाही, हे मला टोचत होतं. मग मी वाटा घ्यायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी हॉलमध्ये सोफ्यावर बसून मी तिची मुलाखत घेऊ लागलो. ती उत्तर द्यायला लागली की मी तिला थांबवून बरोबर उत्तर सांगायचो.

"पप्पा, प्रश्न पण तुमचे, उत्तरं पण तुमचीच. मी जाऊ का?" ती एकदा म्हणाली. माझी बायको स्वयंपाकघरातून हसली. मी नाही हसलो.

माझ्या स्वभावाबद्दल इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोर्डाच्या परीक्षांमध्ये मी कित्येक वर्षं भरारी पथकात होतो. जीपमधून अचानक एखाद्या केंद्रावर उतरायचं आणि कॉप्या पकडायच्या, हे काम. मोज्यांतून, पट्ट्यांच्या मागून, पोरींच्या वेण्यांतून चिठ्ठ्या काढल्या आहेत मी. खिडकीच्या गजाला लटकून आत चिठ्ठी टाकणाऱ्या बापांना आरडाओरडा करून पळवलं आहे. एकानं तर खाली उतरता उतरता मला विचारलं होतं, "सर, तुम्हाला लेकरं नायत का?" आम्ही जीपमध्ये बसून त्याच्यावर खूप हसलो होतो.

लोक समजतात, असं काम केलेला माणूस कडक आणि सरळ असणार. मी सरळ झालो नाही, संशयी झालो. एवढ्या चिठ्ठ्या पाहिल्यावर माझी खात्रीच झाली की जो पकडला जात नाही तोही करतच असतो. पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की मोठ्या शहरांत ऑनलाइन मुलाखतीच्या वेळी मार्गदर्शक शेजारी बसतात. मी एका क्षणात विश्वास ठेवला. सगळ्यांची मुलं मदत घेणार आणि माझीच एकटी बसणार, हे मला अन्यायाचं वाटू लागलं. शब्द अन्यायाचाच आला होता माझ्या मनात.

मुलाखत दुपारी होती. खोलीत दुसरं कुणी नको, सुरुवातीला लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवायची, असे नियम होते. मागं पांढरी भिंत यावी म्हणून तिनं टेबल खोलीच्या मधोमध ओढलं होतं. समोर गॅलरीचं दार.

"पप्पा, तुम्ही बाहेर थांबा हं. आत यायचं नाय."

"नाही येत."

"शपथ?"

"अगं बाई, शपथ."

नेमकं त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्या शहरात पाणी आठवड्यातून कधीतरी येतं, आणि पाण्याच्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर जात नाही. बायको खाली मोटरपाशी होती. मी बनियनवर गॅलरीत दाराआड उभा राहून आतला आवाज ऐकत होतो. खोली दाखवून झाली. मुलाखत सुरू झाली. मग मी कॉलेजातून आणलेला छोटा पांढरा बोर्ड आणि मार्कर घेऊन गुडघ्यांवर रांगत आत गेलो आणि टेबलापलीकडे, लॅपटॉपच्या आडोशाला, जमिनीवर बसलो.

तिनं मला पाहिलं. तिचं वाक्य मध्येच तुटलं. डोळ्यांनी ती मला जायला सांगत होती. मी ओठांवर बोट ठेवलं.

आवाजांवरून कळलं, पलीकडे दोन पुरुष आणि एक बाई होत्या. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. खालून मोटरचा आवाज येत होता, तो त्यांनाही गेला असावा. त्या बाईंनी विचारलं, हा आवाज कसला?

"पाणी आलंय, मॅडम," माझी मुलगी म्हणाली आणि हसली.

त्यांनी आणखी विचारलं आणि ती सांगत गेली. आज आईनं रजा घेतली आहे. कुणाकडे कार्यक्रम ठरवायचा तर आधी त्यांच्या भागात पाणी कधी आहे ते विचारतात. ज्यांच्याकडे मोटर नाही त्यांचं पाणी मोटरवाले ओढून घेतात, आणि आम्हीही मोटरवाले आहोत. हे शेवटचं ती जरा थांबून म्हणाली. पलीकडून कुणीतरी "हं" केलं. ती मला विसरली होती. इतकं चांगलं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं, कारण मी कधी बोलूच दिलं नव्हतं.

मग एका गृहस्थांनी विचारलं, पाणी कुठल्या भागाला कधी सोडायचं, हे कोण ठरवतं?

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण मला ते शोधायला आवडेल..."

मी घाबरलो. माझ्या सगळ्या आयुष्यात 'माहीत नाही' म्हणजे शून्य गुण. मी भराभर बोर्डावर लिहिलं: जायकवाडी, साठा, टक्के, नवीन योजना. आणि बोर्ड वर धरला.

तिची नजर खाली गेली. तिनं ते वाचलं आणि तिचा आवाज बदलला. पाठ केलेलं म्हणून दाखवतात तसा झाला. दोन वाक्यं झाल्यावर त्या बाईंनी तिला थांबवलं.

"तुम्ही खोलीत एकट्याच आहात ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांगू नकोस म्हणून.

"हो, मॅडम."

"लॅपटॉप जरा फिरवून दाखवता का?" अगदी हळू, सभ्यपणे विचारलं त्यांनी.

मी बनियनवर, मांडीवर बोर्ड घेऊन बसलेला. हलायलाही जागा नव्हती. तिनं दोन्ही हात लॅपटॉपवर ठेवले. मला वाटलं, फिरवते आहे. तिनं तो मिटला.

खोलीत फक्त मोटरचा आवाज होता.

"उठा आता," ती म्हणाली.

मी तिथंच थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण मी तिच्या फोनवरून विद्यापीठाला मेल लिहिला की इंटरनेट अचानक बंद पडलं, कृपया मुलाखत पुन्हा घ्यावी. ती मागं उभी होती.

"हे खोटं आहे, पप्पा."

"आत्ता खरंखोटं बघायची वेळ आहे का?"

मी पाठवून दिला. आणि त्या संध्याकाळी तिला म्हणालो, "तुला नजर खाली न्यायची काय गरज होती?" हे मी खरोखर म्हणालो. कॉपी पकडली गेली म्हणून लिहिणाऱ्या पोरालाच रागावणारा बाप.

मुलाखत पूर्ण झाली असं समजण्यात येत आहे, एवढंच उत्तर आलं. पुढच्या यादीत तिचं नाव नव्हतं. बायको मुलाखतीच्या दुपारीच वर आली होती, तिनं बोर्ड पाहिला होता. ती एकच वाक्य बोलली, "तुम्ही खाली पाणी भरायला आला असतात तर बरं झालं असतं."

मुलीनं इथल्याच कॉलेजात नाव घातलं. आठ दिवस गेली, चार दिवस नाही, असं चाललं. ती रडत नव्हती, भांडत नव्हती. जेवायला हाक मारली की यायची, ताट धुऊन जायची. पुस्तकं तिनं पलंगाखाली सरकवली होती आणि झाडताना त्यांच्याभोवतीनं झाडायची. मी मात्र स्टाफरूममध्ये नेटची कहाणी इतक्यांदा सांगितली की ती मला पाठ झाली. कुणी हळहळलं की मला बरं वाटायचं.

पुढच्या वर्षीचे अर्ज सुरू झाले. मी म्हणालो, "भर ना पुन्हा."

"नाय भरायचा. त्या मॅडमना माहिती आहे मी कशी आहे."

"अगं, हजारो पोरं येतात. कोण लक्षात ठेवतंय?"

"मला तर माहिती आहे ना."

फॉर्मची मुदत संपली. त्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि मी खाली पेपर तपासत बसलो होतो. आम्हा दोघांनाही तारीख माहीत होती.

माझ्या बायकोचा भाऊ दौलताबादजवळ राहतो. पेरूची बाग आहे त्याची. माणूस मनानं मोकळा, पण जिभेला लगाम नाही. मुलगी दिसली की हाक ठरलेली, "काय भाच्चे, आज रेंज हाय ना?" सगळे हसायचे. तीही हसायची. ते हसणं मला सहन होत नसे आणि मी ते वर्षभर सहन केलं.

त्यानं नवीन घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो. बायको आदल्या दिवशीच गेली होती. मी आणि मुलगी गाडीवर. छावणीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मी पुढं बघतच म्हणालो, "बेटा, सॉरी."

"काय?"

"सॉरी म्हणतोय."

"कशाबद्दल?"

"त्या... सगळ्याबद्दल."

सिग्नल सुटला. मग माझ्या कानाशी म्हणाली, "सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दलच नाय, पप्पा. खोटं तुम्ही सगळ्यांना सांगितलं. सॉरी मला एकटीला सांगताय, ते पण गाडीवर."

जेवणं झाल्यावर पत्र्याच्या शेडखाली सगळे बसलो होतो. माझी सासू, मामी, दोन-चार पाहुणे. मामाची धाकटी मुलगी आमच्या मुलीजवळ बसली होती. तिलाही एका कॉलेजच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं, ऑनलाइनच. मामा खुशीत होता.

"दाजी, हिच्या टायमाला तुम्हीच या बघा. तुम्हाला अनुभव हाय. नेटचं तेवढं आधी बघून घ्या, नायतर परत बोंब." सगळे हसले. मग तो माझ्या मुलीकडे वळला. "आन् तू सांग हिला, तुझं काय चुकलं ते. लई घाबरली होतीस म्हणं?"

ती धाकटी तिच्याकडे आशेनं बघत होती. माझ्या मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघून बोलायला लागली, "हो मामा, मी जरा..."

ती पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलायला निघाली होती.

"ती घाबरली नव्हती," मी म्हणालो. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "नेट गेलं नव्हतं. मी खोलीत लपून बसलो होतो, उत्तरं दाखवायला. त्यांना संशय आला. मी दिसू नये म्हणून हिनं लॅपटॉप बंद केला."

"काय पण, दाजी," मामा हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू गेलं. मामी पदराशी चाळा करत राहिली. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजे एवढे दिवस..." आणि थांबल्या. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. नाही वाटलं. एक जागा गेली होती, एक वर्ष गेलं होतं, आणि माझ्या बोलण्यानं त्यातलं काहीच परत येणार नव्हतं. मुलगी खालीच बघत होती. मी तिच्याकडे वळलो. सगळ्यांसमोरच, कारण तिनं तेच मागितलं होतं.

"तू मला बाहेर थांब म्हणाली होतीस. मी शपथ घेतली आणि तरी आत आलो. तू चांगलं बोलत होतीस, मी तुला बोलू दिलं नाही. माझ्यामुळे तुला खोटं बोलावं लागलं. तू माझी अब्रू राखलीस, आणि नजर खाली का नेलीस म्हणून मी तुलाच बोललो. मग तुझ्या नावानं मेल लिहिला, आणि वर्षभर लोकांना तुझ्यावर हसू दिलं. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर."