बाकोआकडे मागितलेली होडी

बाकोआ माडावर चढला की गायचा. आमच्याकडे माडी काढणारे सगळेच गातात. वर माणूस आहे हे खालच्यांना कळावं म्हणून. बाकोआचा सूर मात्र कधी लागला नाही. त्याची बायको रोटिया खालून म्हणायची, "उतर आता. माड सुकायला लागला."

सकाळ-संध्याकाळ माडी, मधल्या वेळात मासे आणि स्वतः बांधलेली शिडाची होडी. एवढंच त्याचं आयुष्य. मी सुव्याच्या विद्यापीठात साहित्य शिकून बेटावर परतलो तेव्हा त्याने विचारलं, "इतक्या पुस्तकांत एखादा मासा तरी होता का रे?" आमची मैत्री तिथून.

एरिक हा परदेशी पाहुणा विमानाने आला. नकाशावर ठिपक्याएवढी दिसणारी बेटं शोधत तो फिरायचा. बाकोआच्या आईने, तेबोराने, त्याला घरी ठेवून घेतलं. सभाघरात आपल्या कुळाच्या जागी बसवलं आणि सगळ्यांदेखत मुलगा मानलं.

नात्यातल्याने 'बुबुती' म्हणून काही मागितलं, तर आम्ही ते देतोच, नाही म्हणत नाही. सायकल, डुक्कर, मूलसुद्धा. एरिकला हे कळलं होतं. एकदा जेवताना तो हसत म्हणाला, "भाऊ, बुबुती. मला होडीने पलीकडच्या ओसाड बेटावर ने."

पश्चिमेचे वारे सुटले होते. गावातल्या सगळ्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. बाकोआने हातातला घास खाली ठेवला.

"नेतो," तो म्हणाला.

चुलीपाशी रोटिया सासूला म्हणाली, "आई, तुम्ही मागा ना. जाऊ नको म्हणून मागा."

"मीच त्याला मुलगा केलंय," तेबोरा म्हणाली. "एका लेकाचं मागणं दुसऱ्याकडून कसं मोडवू?"

पहाटे दोघे निघाले. जाताना बाकोआ मला म्हणाला, "माझा माड बघ. गाता येत नसेल तर नुसता ओरड."

काही दिवसांनी एका मासेमारी जहाजाने एरिकला आणून सोडलं. एकट्यालाच. होडी उलटली होती. सुटलेलं शीड आणायला बाकोआ पोहत गेला, तो परतलाच नाही. कुठे, ते एरिकला नीट सांगता येईना. लाटा फुटत होत्या अशी एक जागा होती, पाहिली तर ओळखेन, एवढंच म्हणायचा.

शोधायला मोटारबोट तयार झाली. सभाघरात तेबोरा त्याच्यासमोर बसली.

"बाळा, बुबुती. यांच्याबरोबर जा. ती जागा दाखव."

एरिक मागे सरकला.

"नाही," तो म्हणाला. "मला पुन्हा पाण्यावर जाववणार नाही. उद्या विमान आहे."

बुबुतीला कुणी नाही म्हटलं तर काय करायचं असतं, ते आम्हाला माहीतच नव्हतं. तेबोराने त्याच्यापुढे शहाळं सरकवलं.

बोट त्याच्याशिवाय निघाली. कुठे जायचं, ते आम्ही वाटेत ठरवणार होतो.